खिंडीतली शेंदरी रास

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. दोन गावांच्या मध्ये डोंगरच डोंगर होते आणि त्यांतून एकच लांबलचक पायवाट जायची. पावसाळ्यात तिथं असं धुकं उतरायचं, की चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नसत. म्हणून जुन्या माणसांनी वळणावळणावर दगडांची रास रचली होती. रास ज्या हाताला लागेल, त्या हाताला वळायचं.

खिंडीतली रास सगळ्यांत उंच. कुणीतरी तिला शेंदूर लावला आणि ती देव झाली.

एका वर्षी खिंडीची उजवी कड ढासळली. वाट दरीत गेली. लोकांनी डावीकडून नवी वाट पाडली, पण रास उजवीकडेच राहिली. पलीकडच्या गावचे लोक घरी परतताना उजवीकडे हात जोडायचे आणि डावीकडे वळायचे.

लग्न होऊन त्या गावात येणाऱ्या एका मुलीनं हे वाटेतच पाहिलं. नवी नवरी, म्हणून गप्प राहिली.

श्रावणात एका वाटसरूनं तिला निरोप दिला, "तुझा भाऊ तुला माहेरी न्यायला निघालाय. उद्या पोचेल."

भाऊ या वाटेनं पहिल्यांदाच येत होता.

ती पाटलांकडे गेली. "पाटीलबाबा, खिंडीतली रास डावीकडे घ्यायला हवी."

"देवाला हलवतेस? आम्हाला ठाऊक आहे की वाट."

"ज्याला ठाऊक नाही, त्यानं काय करायचं?"

"विचारावं."

"कुणाला? धुक्याला?"

"पाऊस कोपेल, पोरी."

"तो मिरगापासून कोपलेलाच आहे. आणखी काय करणार?"

तिनं डोक्यावर इरलं घेतलं आणि ओल्या चढणीनं खिंड गाठली. एकेक दगड उचलून डावीकडे रचू लागली. मागून आलेला गाव लांब उभा राहून काय होतंय ते बघत होता. काहीच झालं नाही. पाऊस पडत होता तसाच पडत राहिला.

बुडाचा मोठा दगड मात्र तिला हलेना. तेव्हा सासू पुढं आली.

"सरक. कंबर धरली, तर उद्या भाकऱ्या कोण थापणार?" असं म्हणत तिनं दुसरी बाजू धरली. मग हळूच म्हणाली, "माझाही भाऊ याच वाटेनं यायचा."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, निथळत. "खिंडीत डोळ्यांपुढं काही दिसेना, ताई. रास डाव्या हाताला लागली, म्हणून वळलो."



ती माहेरी निघाली, तेव्हा खिंडीत पाटील शेंदराची वाटी घेऊन उभे होते. ती नव्या राशीवर बसली आणि इरलं झटकू लागली.

"लावा शेंदूर," ती म्हणाली. "पण पुन्हा कड ढासळली, तर मी पुन्हा हलवणार. शेंदरासकट."

पाटलांनी वाटी झाकली. खाली वाकून एक दगड उचलला आणि तिच्या शेजारी राशीवर ठेवला.

तात्पर्य: जी खूण वाट दाखवायची थांबली, तिच्यापुढे हात जोडू नयेत, तेच हात लावून तिला जागेवर आणावं.