टोपलीतलं रणांगण

करंजवाडीनं आठ दिवसांत उठायचं, असा राजाचा हुकूम आला. कारण काय, तर चारशे वर्षांपूर्वी राजा रणधीरदेवाच्या कुठल्याशा पूर्वजानं शत्रूला कुठेतरी लोळवलं होतं. ते कुठेतरी म्हणजे करंजवाडीच, असं दरबारातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. आता तिथे दगडी विजयस्तंभ आणि भोवती बाग होणार होती.

ठरवलं कसं? ताम्रपटात लिहिलं होतं, शेजारी नदी, मागे टेकडी. राज्यातल्या निम्म्या गावांना नदी होती आणि टेकडीही होती. सात पंडित सहा महिने भांडले. दाढ्या पांढऱ्याशुभ्र, पण रान बघायला एकाचाही पाय मळला नाही. शेवटी सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारे गदाधरशास्त्री जिंकले.

करंजवाडीचा हणमा लोहार ऐरण गाडीत चढवायला निघाला, तशी त्याची पोरगी धुरपा आडवी आली.

"आबा, ऐरण हलवायची नाही."

"अगं, एवढी जाणती माणसं सांगतायत."

"जाणती कसली? नुसती जुनी आहेत," धुरपा म्हणाली. भात्याशेजारची टोपली तिनं डोक्यावर घेतली आणि तडक राजवाडा गाठला. हणमा धापा टाकत मागोमाग.

"महाराज, लढाई करंजवाडीत झालीच नाही. बोरखेडला झाली."

गदाधरशास्त्री खेकसले, "तू होतीस वाटतं बघायला?"

"नव्हते. तुम्हीही नव्हता, शास्त्रीबुवा. वयाकडे बघून शंका येते, ती गोष्ट वेगळी."

दरबारानं तोंडाला उपरणी लावली. राजानं विचारलं, "पुरावा काय?"

"आमच्याकडे बारा गावांचं काम आहे. रीत अशी, की लोखंड शेतकऱ्यानं आणायचं, विळे-कोयते घडवायचे आम्ही. अकरा गावं बाजारातून लोखंड आणतात. बोरखेडवाले माझ्या आज्ज्याच्या काळापासून कधी बाजारात गेले नाहीत. नांगरट झाली, की रानातून हे वेचून आणतात."

तिनं टोपली पालथी केली. गंजलेली, बोटभर लांबीची टोकंच टोकं फरशीवर पसरली.

"हॅ! खिळे आहेत," शास्त्री म्हणाले.

"खिळा मागून पोकळ असतो का? ही काडी घ्या, बसवून बघा. टोकाला उलटे दातही आहेत. असला खिळा तुमच्या घराच्या कुठल्या दाराला आहे?"

राजानं दोन्ही गावांकडे स्वार पिटाळले. संध्याकाळी ते परतले. करंजवाडीत दहा ठिकाणी खणून एक फुटकं गाडगं मिळालं होतं. बोरखेडहून बाणांच्या टोकांनी भरलेल्या तीन टोपल्या आल्या होत्या.

"बोरखेडचं ते रान कुणाचं?" राजानं विचारलं.

मग गदाधरशास्त्रीच पुटपुटले, "माझंच. इनामाचं. पण महाराज, स्तंभाला जागा ती कितीशी लागते? चार हात पुरे. बाग हवीच कशाला?"

"करंजवाडीत बाग हवी होती ना?"

मग राजा धुरपाकडे वळला, आणि त्याच्या कपाळावर आठी होती.

"म्हणजे माझ्या पूर्वजाच्या बाणांचे तुम्ही तीन पिढ्या विळे केलेत? हे बाण महालात मानानं मांडायचे, ते तुम्ही गवत कापायला दिलेत? याची शिक्षा ठाऊक आहे?"

हणम्यानं पोरीचा हात धरून तिला मागे ओढलं. धुरपा जागची हलली नाही.

"मांडा की, महाराज. चार टोपल्या उरल्यात अजून. पण जे बाण लागले, ते शत्रूच्या अंगात रुतून त्याच्याबरोबर गेले. रानात पडून राहिले ते चुकलेले. पाहुणे आले, की त्यांना काय सांगणार?"

राजानं त्या चार टोपल्यांकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"एवढे चुकले?" तो म्हणाला, आणि असा हसू लागला, की मुकुट कपाळावर घसरला.

करंजवाडीचा हुकूम त्यानं तिथेच फाडला. "हे बाण तुझे, आणि त्या रानात पुढे निघतील तेही तुझेच. जोडीला नवी ऐरण. पण पोरी, ते चुकलेले आहेत हे कुणाला सांगू नकोस."

"विळ्याला कोण विचारतंय, महाराज?"

गदाधरशास्त्र्यांनी हळूच घसा खाकरला. "मग त्या स्तंभाचं काय करायचं?"

"स्तंभ बोरखेडलाच होईल, शास्त्रीबुवा," राजा डोळे पुसत म्हणाला. "बागेसकट."