पडती बाजू

“मग पडती बाजू मला कधी देणार, अप्पा?”

बाळाप्पा गुरव बेल निवडत होते. किडकं पान डावीकडे, चांगलं उजवीकडे.

“कधी, ते सांगा.”

“आज वार कुठला?”

“अप्पा!”

“न्हाई, सोमवार असला तर बेल जास्त लागंल. म्हणून इचारलं.”

कृष्णेच्या काठी महादेवाचं एक लहान देऊळ आहे. त्याच्या ओवरीत, दगडी फरशीवर, कुणीतरी कधी काळी टाकीने बुद्धिबळाचा पट कोरून ठेवलाय. रंग नाहीत, नुसत्या रेघा. पटाच्या एका अंगाला, खांबाला पाठ टेकून अप्पा बसत. पूजा आटोपली, दिव्यात तेल घातलं, की राहिलेला दिवस त्यांचा आणि पटाचा.

त्यांची ख्याती जगावेगळी होती. ते जिंकतात म्हणून त्यांच्याकडे कुणी येत नसे. ते हरत नाहीत म्हणून येत.

सांगलीहून, कराडहून, पार बेळगावहून खेळाडू आपले मोडलेले डाव घेऊन येत; मोडलेलं हाड घेऊन माणसं हाडवैद्याकडे जातात, तसे. डाव मांडून म्हणत, “अप्पा, ही बाजू मेली.”

“मेली का? मग ती माझी,” अप्पा म्हणत, आणि ती बाजू घेऊन खेळत.

त्यातही हत्तीचे शेवट ही त्यांची खास जहागिरी. सगळी फौज मारली गेलीय, दोन राजे आणि दोन हत्ती तेवढे उरलेत, थोडी प्यादी आहेत, आणि आपल्याकडे एक प्यादं कमी आहे. अशा डावात अप्पांना हरवलेला माणूस त्या पंचक्रोशीत कुणाला आठवत नव्हता.

म्हणून तर चारू त्यांच्याकडे आली होती.

चारुता देशिंगकर. आपल्या तोडीचं जिल्ह्यात कुणी नाही हे तिला लहानपणीच कळलं होतं, आणि ते इतरांनाही न सांगता कळावं अशी तिची अपेक्षा असे. पण गेल्या वर्षी, राज्याच्या अंतिम डावात, मिथिला नावाच्या मुलीसमोर ती हत्तीच्या शेवटात सापडली. मिथिलाची तीन प्यादी, हिची दोन. नीट खेळलं तर बरोबरी होते, असं पुस्तकं सांगतात. चारूला ती पुस्तकं तोंडपाठ होती.

तरीही ती हरली.

हरल्याचं दुःख तिने पचवलं असतं. पण आपण कसे हरलो, हेच तिला उमगेना. त्या दिवसापासून हत्तीचा शेवट दिसला की तिची बोटं गार पडायची. तो टाळण्यासाठी ती चांगले चाललेले डाव उधळून द्यायला लागली. शेवटी तिने मनाशी ठरवलं. एक तर हे शिकायचं, नाहीतर मोहरी कायमची डब्यात भरून ठेवायची.

पहिल्या दिवशी ती अप्पांच्या पाया पडली होती. “मला डाव वाचवायला शिकवा.”

अप्पांनी मोहरी मांडली. तिच्या अंगाला तीन प्यादी, आपल्या अंगाला दोन.

“घे,” ते म्हणाले. “जिंक.”

त्यानंतर रोज दुपारी तेच. जिंकायची बाजू तिची, वाचवायची अप्पांची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. इतक्या डावांत ती एकदाही जिंकली नव्हती. आणि वाचवायला तर तिला एकदाही मिळालं नव्हतं.

आज ती कपड्यांची पिशवी भरूनच ओवरीत आली होती.

“परवा स्पर्धा सुरू होतेय, अप्पा.”

“व्हय. तुझी मालनकाकू म्हणत हुती.”

“मिथिला असणार तिथे. आणि परत तोच शेवट आला तर?”

“आला तर खेळायचा.”

“काय खेळू? तुम्ही शिकवलंच नाही! मी वाचवायला शिकायला आले. आणि तुम्ही रोज मला मारायला बसवता. तेही जमत नाही ते वेगळंच.”

“ते न्हाई जमत तुला,” अप्पांनी मनापासून मान डोलावली.

तिला हसावं की रडावं ते कळेना. तिने तोंड नदीकडे फिरवलं.

देवळामागच्या घरातून अप्पांच्या कारभारीण, मालनकाकू, चहा घेऊन आल्या. त्यांनी पिशवी पाहिली, पोरीचं तोंड पाहिलं, आणि कपबशी नवऱ्यापुढे जरा जोरातच ठेवली.

“द्या की तिला ती बाजू एकदा. सोन्याची हाय का काय तुमची?”

“सोन्याची कुठली? मोडकी हाय.”

“मग धरून कशापायी बसलाय?”

“तू न्हाई का मला धरून बसलीस?”

“बघ बाई,” काकू चारूला म्हणाल्या, “ह्या असल्या माणसापुढं माझा जन्म गेला. तू निदान दोन घोट च्या पिऊन जा.” आणि हसू पदरात दाबत निघून गेल्या.

चारूने चहा घेतला नाही. ती पटासमोर ताठ बसली.

“मी म्हणते, तुम्ही ऐका. चुकलं तर सांगा. हत्ती कोंडून घ्यायचा नाही. त्याला लांब ठेवायचं, मोकळं ठेवायचं. राजाने प्याद्याची वाट अडवायची. आपली तिसरी ओळ हत्तीने धरून ठेवायची. समोरचं प्यादं त्या ओळीत आलं की हत्तीने पटाच्या दुसऱ्या टोकाला पळायचं आणि तिथून, मागून, शह देत राहायचं. आणि आपलं प्यादं उगाच ढकलायचं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“काही राहिलं?”

“काही न्हाई.”

“म्हणजे मला येतं?”

अप्पांनी बेलाचं एक पान उजेडात धरून पाहिलं. “तुला समदं येतं.”

“मग मी हरले कशी?”

…

अप्पांच्या हातातलं पान डावीकडे जाईना, उजवीकडेही जाईना.

“मांड,” ते म्हणाले.

तिने मांडला. तिचाच हरलेला डाव. तीन प्यादी आपल्याकडे, दोन अप्पांकडे.

“हा शेवटचा. मग मी जाते.”

“जा की. आदी जिंक.”

ती रागात खेळली. भराभर. एक प्यादं दिलं, एक घेतलं. आणखी एक दिलं, आणखी एक घेतलं. आता पटावर तिचं एकच प्यादं होतं, आणि अप्पांकडे एकही नव्हतं. प्याद्याशेजारी तिचा राजा. समोर, अगदी कडेच्या ओळीत, अप्पांचा राजा वाट अडवून उभा. आणि अप्पांचा हत्ती त्यांच्या तिसऱ्या ओळीत, कुंपणासारखा. त्या कुंपणापलीकडे तिच्या राजाला पाऊल टाकता येत नव्हतं.

तिने हत्ती हलवला.

अप्पांनी आपला हत्ती त्याच ओळीत एक घर उजवीकडे सरकवला.

तिने राजा हलवला.

अप्पांचा हत्ती एक घर डावीकडे.

“हे काय?”

“चाल.”

“ही चाल आहे?”

“का? हत्ती हलला न्हाई?”

तिने पुन्हा काहीतरी केलं. अप्पांनी पुन्हा हत्ती सरकवला. तेही एकाच हाताने; दुसऱ्या हाताने ते बेल निवडतच होते.

चारू थांबली.

प्यादं पुढे ढकललं, तर हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला पळणार आणि तिथून शहावर शह देत तिच्या राजाला पटभर फिरवणार. नाही ढकललं, तर काहीच होणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

पण काहीतरी व्हायला तर हवं. प्यादं तिचं जास्त होतं! डाव असाच बरोबरीत सुटला, तर लोक अप्पांना म्हणतील, वा, काय वाचवलात. आणि तिला म्हणतील, हातातलं घालवलंस. डाव एकच, शेवट एकच. पण त्यात घालवायला काही होतं ते फक्त तिच्याकडे.

हे इतक्या दिवसांत तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

‘ढकल,’ आतून कुणीतरी म्हणत होतं. ‘ढकल, म्हणजे सुटशील.’

तिच्या तळहाताला घाम आला. तिने तो ओढणीला पुसला. पटाकडे पाहिलं. परत पुसला…

आणि तिचा हात ओढणीतच थांबला.

हे तिने पाहिलं होतं. असंच. निळ्या ओढणीचं टोक, आणि त्याला पुन्हा पुन्हा पुसला जाणारा एक हात. त्या दिवशी. टेबलापलीकडे. तिला ते नजरेच्या कडेने दिसत होतं, पण मान वर करून तिने एकदाही पाहिलं नव्हतं. ती पटावर आपलं मरण शोधण्यात गुंग होती. वाटलं होतं, असेल त्या मुलीची काही सवय.

“अप्पा…”

“हं.”

“ती घाबरली होती.”

“कोण गं?”

“मिथिला. प्यादं जास्त तिच्याकडे होतं. आणि घाबरली होती तीच.”

अप्पांनी बेलाचं पुढचं पान उचललं.

“आणि मी… मला नुसतं बसवेना. काहीतरी केलं पाहिजे, काहीतरी केलं पाहिजे, असं वाटत राहिलं. म्हणून मी माझंच प्यादं ढकललं. तिला सापडत नव्हती ती वाट मी तिला उघडून दिली.”

कुणी बाई देवळात आली. घंटा वाजवून, प्रदक्षिणा घालून गेली. घंटेचा आवाज ओवरीत बराच वेळ रेंगाळला.

चारू अगदी हळू म्हणाली, “बरोबरी करूया, अप्पा.”

“न्हाई.”

तिने चमकून पाहिलं. “नाही? एक प्यादं माझं जास्त आहे. मी स्वतः बरोबरी देतेय. आणि तुम्ही नाही म्हणता?”

“का? माझं काय वाईट चाललंय?”

चारू हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ह्या पटासमोर बसून ती आजवर कधी हसली नव्हती.

अप्पांनी बेलाची परडी बाजूला सारली. गुडघ्यावर हात देऊन, “आई आई गं,” करत ते उठले.

पट दगडातला. तो फिरवता येत नाही. बाजू बदलायची तर माणसांनीच उठायचं.

ते पटाला वळसा घालून तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

“ऊठ.”

“कुठे?”

त्यांनी नुसत्या हनुवटीने खांबाकडे दाखवलं.

ती उठली, पलीकडे गेली. अप्पा बसत ती फरशी अजून ऊबदार होती. खांब त्यांच्या पाठीने घासून घासून गुळगुळीत झाला होता. तिने त्याला पाठ टेकली.

तीच मोहरी, तोच डाव. पण इथून तो निराळाच दिसत होता. समोरून एक प्यादं येत होतं. त्याच्या शेजारी एक राजा होता. आणि त्या दोघांच्या मागे एक म्हातारा माणूस, चष्मा नाकावर ओढून, कपाळाला आठ्या घालून, पटावर वाकला होता.

“तुमची चाल,” ती म्हणाली.

“हाय ठावं मला. दम धर.”

अप्पांनी हत्ती हलवला.

तिने तिसऱ्या ओळीतला आपला हत्ती एक घर उजवीकडे सरकवला. बोटं गार नव्हती.

अप्पांनी राजा हलवला. तिने हत्ती एक घर डावीकडे सरकवला.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“मी रोज असं करत हुतो व्हय तुझ्यासंगं?”

“रोज.”

“लई वंगाळ.”

“मग? मी काय म्हणत होते!”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. प्याद्याकडे हात नेला.

“हात लागला तर खेळावं लागेल हं, अप्पा.”

हात मागे आला. थोड्या वेळाने पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला. खरंच अडलेत, की आपल्यासाठी अडल्याचं सोंग करतायत, हे चारूला सांगता येईना. तिने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. कपाळावर, पांढऱ्या केसांच्या कडेला, घामाचे थेंब होते. ते काही सोंगाने येत नाहीत.

नदीवरून वारा आला. परडीतली हलकी पानं जराशी सरकली, आणि डावीकडची कुठली नि उजवीकडची कुठली ते कळेनासं झालं. अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं.

चारू बसून राहिली. तिला काही नको होतं. ना प्यादं, ना वाट, ना सुटका. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग तिला जुनी खाज उठलीच. हात रिकामे बसायला नको म्हणाले.

“अप्पा, तुमचं ठरेपर्यंत मी काय करू?”

अप्पांनी पटावरची नजर काढली नाही.

“तुझं काय अडलंय? घाम मला फुटलाय. जा, पानी आण जरा.”