काळी पडलेली गाळणी

परदेशात शिकून गावी परतलेल्या ऋजुताला वाटलं होतं, नगराध्यक्ष असलेले गव्हाणेकाका आपल्या संशोधनाची चौकशी करतील. पण वडिलांना भेटायला आलेल्या काकांनी विचारलं ते एवढंच, "रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर, जास्वंद इतकी मळकट का गं दिसते? उद्या सगळी उपटतोय. प्लॅस्टिकची लावू, कायम हिरवीगार!"

"काका, शाळा त्याच रस्त्याला लागून आहे. रस्त्याच्या धुळीत शिसं असतं. ते त्या पानांवर अडकतं म्हणून बरं, नाहीतर पोरांच्या छातीत जाईल."

"तुझं पुस्तकी ज्ञान राहू दे. शहर कसं देखणं दिसलं पाहिजे. चहा टाक बघू फक्कड!"

ऋजुताने चहा आणला. काकांनी ऐटीत मोठा घोट घेतला आणि मिशीला चिकटलेली चहापूड पुसत ते ओरडले, "अगं, गाळला नाहीस का?"

"गाळणी फार काळी पडली होती, काका. बरी दिसेना, म्हणून टाकून दिली."

वडील फिसकन हसले. काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं, राहू देत तुझी झाडं. पण छाटलेल्या पानांचं नगरपालिका खत करते आणि ते खत जातं भाजीच्या मळ्यांत. मग तुझं शिसं थांबलं कुठे?"

 हे ऋजुताच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, झाडांचे गोडवे नंतर गाऊ. आधी दुभाजकावरची छाटणी खताच्या खड्ड्यापासून वेगळी ठेवायची, आणि त्यासाठी काकांच्याच मागे लागायचं.