सरकलेली सोंगटी

राजे हैबतराव चिडले की सबंध गढी चिडीचूप व्हायची. त्या दिवशी तर त्यांच्या विश्वासातल्या कारभाऱ्यानेच दुष्काळासाठी राखलेलं धान्य लांबवल्याचं उघडकीस आलं. राजांनी त्याला कैदेत टाकलं आणि देवीच्या देवळालाही कुलूप ठोकलं. "देवी भली आहे, सर्वशक्तिमान आहे, तर पाप करणाऱ्याचा हात का धरत नाही? उत्तर मिळेपर्यंत पूजा बंद!" शास्त्र्यांनी ढीगभर पोथ्या उलटल्या, पण राजे बधले नाहीत.

संध्याकाळी ते भागूदाईबरोबर सोंगट्या खेळायला बसले. त्यांना अंगाखांद्यावर वाढवणारी ही म्हातारी देवीपुढे दिवा लावल्याशिवाय जेवत नसे. आज ती उपाशीच होती. खेळता खेळता तिने राजांच्या देखत आपली सोंगटी दोन घरं पुढे सरकवली. राजे मिशीत हसले, बोलले मात्र नाहीत.

"बाळराजे, पाहिलंत ना? मग माझा हात का नाही धरलात?"

"अगं दाई, बाकीचे मला भिऊन मुद्दाम हरतात. एक तूच मनापासून खेळतेस. तुझाही हात धरला, तर मी खेळू कुणाशी?"

"देवीलाही भिऊन हरणारी माणसं नको असतील!"

"पण दाई, इथे धान्य गेलंय. लोक उपाशी मरतील."

"मग तुमचेही हात तिनं मोकळेच ठेवलेत की! भरा कोठार."

भागूने सोंगटी गुपचूप मागे घेतली आणि देवळाच्या किल्लीसाठी हात पुढे केला.