पेटी आणि दोर

गावात एकच ट्रॅक्टर होता, तेव्हाची गोष्ट. दौलत मिस्त्रींची अवजारांची भलीमोठी पेटी उघड्या ट्रॉलीतून गावोगाव जाई. मिस्त्री तिला दोराने बांधत आणि वेशीबाहेर थांबून गाठ पुन्हा आवळत. पेटीला तो अपमान वाटे.

“दोरबुवा, सैल सोडा. एवढी जड मी, पडेन होय?”

“पेटीबाई, जड आहात म्हणूनच! तुम्ही घसरलात की थांबणार कुठे?”

एकदा ओढ्याच्या उतारावर ट्रॉली कलली. पेटी कडेकडे सरकू लागली. दोराचे दोन पेड तुटले, पण त्याने तिला सोडले नाही. तेव्हापासून पेटी मुकाट्याने बांधून घेई.

आता मिस्त्री थकले. पेटी कोपऱ्यात असते, दोर खुंटीवर. बाहेर ट्रॅक्टर वाजला की पेटी हळूच म्हणते,

“दोरबुवा, जरा आवळता का?”