चिकाच्या हलव्याच्या दोन ताटल्या

"म्हणजे तीनदा क्षमा मागून झाली, की मी मोकळी. असंच ना, बाई?"

सेगुलाबाई झिराडकर पडवीत लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नव्वदीला टेकलेल्या या बाईंनीच एके काळी सिनेगॉगच्या ओसरीवर मुलींना हिब्रू अक्षरे गिरवायला लावली होती. रेवदंड्याच्या बेने इस्राएल घरांतला धर्माचा कोणताही पेच आजही त्यांच्याच पडवीत येई.

"नियम तसाच आहे," त्या म्हणाल्या.

मिल्का पेझारकरला हायसे वाटले. नव्याचा सण, म्हणजे त्यांचे नववर्ष, होऊन तीन दिवस झाले होते. दार फळण्याच्या, अर्थात दार बंद होण्याच्या, सणाचा उपास आठवड्यावर आला होता. त्या दिवशी देव वर्षभराच्या चुका पोटात घालतो. मात्र माणसाशी केलेली चूक आधी त्या माणसाने माफ करावी लागते.

आणि पेनिना रोहेकर माफ करायला तयार नव्हती. आठव्या वर्षापासूनची मैत्रीण, आज दोघी त्रेपन्नच्या.

एप्रिलमध्ये पेनिनाच्या मुलाचे लग्न झाले. मेंदीच्या दिवशी मिल्काने नवरीच्या आईला सांगितले, की मुलगा दहावीला दोनदा बसला होता. विचारले म्हणून खरे ते सांगितले, असे तिचे म्हणणे. विहीणबाईंनी विचारले होते ते इतकेच, की मुलाला गोड आवडते का.

"क्षमा मागितलीस कशी?" बाईंनी विचारले.

मिल्काने तारीखवार सांगितले. ती सरकारी कचेरीत हेडक्लार्क होती. कच्चे काम तिला खपत नसे. प्रथम पत्र, पोच घेऊन. मग फोन, स्पीकर लावून, शेजारीण साक्षीला. तिसऱ्यांदा सणाच्या दिवशी सिनेगॉगच्या दारात, सर्वांदेखत.

"शब्द काय होते?"

"माझं काही चुकलं असेल, जे चुकलेलं नाही, तर माफ कर."

बाईंनी एक पाकळी परातीत टाकली.

"तिन्ही वेळा हेच?"

"मजकुरात फरक नको म्हणून."

...

बाई उठल्या. आतून दोन ताटल्या घेऊन आल्या. दोन्हींत सणाचा चिकाचा हलवा होता.

"दोन्ही घरांतून आलाय. खाऊन बघ."

गव्हाचा चीक, नारळाचे दूध आणि साखर चार तास ढवळत राहावे लागते. हात थांबला की हलवा बिघडला. दोघी तो दर वर्षी मिळून करीत. पातेले पेनिनाचे, लाकडी चाटू मिल्काचा. एकीचा हात भरून आला की दुसरी पुढे होई. यंदा प्रथमच दोन घरांत दोन हलवे शिजले होते.

मिल्काने पहिली वडी तोंडात टाकली. गाठी.

"हा माझा," ती म्हणाली. "ओतायचं आणि ढवळायचं, एकटीनं कसं जमणार?"

दुसरी करपट होती.

"हा पेनीचा."

"खाली लागलाय," बाई म्हणाल्या.

"लागेल नाहीतर काय?" मिल्काचा आवाज चढला. "मे महिन्यापासून तिचा उजवा खांदा धरलाय. त्यात स्टीलच्या डावानं चार तास ढवळायचं. नावं ठेवायला लोकांचं काय जातं?"

"मी नावं ठेवली नाहीत."

"ठेवणार होतात."

"बोलणं तर एप्रिलपासून बंद आहे ना? मग मे महिन्यातला खांदा तुला कसा कळला?"

 करपट वडी मिल्काने संपवली. मग त्याच ताटलीतली आणखी एक घेतली.

...

"काल पेनिना येऊन गेली," बाई म्हणाल्या.

"काय म्हणत होती?"

"तीनदा नाही म्हटल्यावर समोरची यायची बंद होते का, विचारत होती."

 मिल्काने पदराला बोटे पुसली.

"पण नियमाप्रमाणे आता मला जायची गरज नाही."

"नाही."

"मग गरज नसताना जायचं कशाला?"

बाईंनी लसणाची परात पुन्हा पुढे ओढली.

"पंचेचाळीस वर्षं कशाला जात होतीस?"