ठकाईचा वाकड्या मानेचा पोपट

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा बोरखिंड गावाला गाडीवाट नव्हती, बायका डोक्यावर पाटी घेऊन पायवाटेनं खिंड उतरायच्या. त्या बोरखिंडीत ठकू नावाची एक गोंदणारी होती. पुढं सगळे तिला ठकाई म्हणायला लागले.

बाभळीचे तीन काटे दोऱ्यानं एकत्र बांधायचे, काजळात पाल्याचा रस कालवायचा आणि पोरीचा हात मांडीवर घेऊन टोचायला बसायचं. एवढंच तिचं हत्यार. काटेही रोज नवे, कुंपणाला जायचं आणि मोडून आणायचे.

पण हात असा की बघत राहावं. तिनं गोंदलेला विंचू दिसला की खरा विंचू वाट सोडायचा, असं म्हणतात. तिनं गोंदलेली तुळस उन्हाळ्यात मलूल व्हायची आणि हातावर पाणी घेतलं की तरतरीत दिसायची, असंही म्हणतात. आणि गोंदण म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. माणूस गेलं की अंगावरचं सोनं उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर जातं. चुकलं तरी जातं. म्हणून आया आपल्या पोरींना तीन-तीन कोस चालवत ठकाईकडं आणायच्या.

नदीपल्याड देसायांची गढी होती. देसाईणबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ठकाईला बोलावणं आलं. ठकाईनं पदराची गाठ सोडून काटे काढले, तशा देसाईणबाई म्हणाल्या, "ठके, माझ्या लेकीच्या हाताला कुंपणाचे काटे लावायचे नाहीत." आणि त्यांनी एक चंदनी डबी पुढं केली.

डबीत सात सुया होत्या. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून मागवलेल्या, केसासारख्या बारीक, हस्तिदंती मुठीच्या. एकेका सुईत एकेक बैलजोडी आली असती, असं म्हणतात.

त्या सुयांनी ठकाईनं जाईचा वेल गोंदला. असा वेल तिला आधी कधी साधला नव्हता. काटा टोचला की पोरी ओठ चावायच्या, पण देसायांची लेक टोचून घेता घेता झोपी गेली. लग्नात नवरीनं हार घालायला हात उचलला तर हार सोडून मधमाश्या तिच्या मनगटावर बसल्या, असं म्हणतात. देसाईणबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी डबी ठकाईलाच देऊन टाकली.

ठकाई नावेत बसली. आनंद झाला होताच. पण नाव मध्यावर आली तेव्हा तिच्या मनात एक कुसळ शिरलं. तो वेल आपण काढला की सुयांनी?

गावात हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पोरी आल्या आल्या म्हणायच्या, "सुरतेच्या सुयांनीच गोंदा हां." तुळस, विंचू सगळं लोक विसरले. जो तो डबी बघायला मागायचा. ठकाईनं काटे मोडणं सोडून दिलं.

तिची धाकटी जाऊ बायजा, तीही गोंदायची. हनुवटीवरचा ठिपका, कपाळावरची चंद्रकोर, असली साधी कामं. हात बेताचाच. एका बाजाराच्या दिवशी ठकाई तापानं फणफणली होती, म्हणून बायजा डबी घेऊन बाजाराला गेली. दोन दिवसांनी ठकाई उठून ओट्यावर बसली, तर समोरून एक बाई पाण्याला चाललेली. तिच्या हातावर मोर. पिसाऱ्यातला एकेक डोळा जणू उघडा.

ठकाईनं तिला हाक मारून हात धरला. "हा मी कधी गोंदला गं?"

"तुम्ही न्हाई. बायजाबाईंनी. परवा बाजारात."

ठकाईनं मोराच्या रेघेवरून बोट फिरवलं. काम तिच्या स्वतःच्याच हातचं वाटत होतं. गाव म्हणालं, बघा, सुयांचाच गुण. ठकाईलाही ते पटलं, पण पुरतं नाही. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदा ती कुंपणाला गेली आणि काटे मोडून आणले.

नेमकी त्याच दिवशी परटाची लेक मैना आली. लग्न आठ दिवसांवर आलेलं, हातावर पोपट हवा होता. काटे बघून ती जरा थबकली.

"तुझ्या आईला काट्यांनीच गोंदलं होतं मी," ठकाई म्हणाली. मैनानं विश्वासानं हात पुढं केला.

पंख झाले, शेपूट झालं. मान काढताना ठकाईचा हात घसरला. पोपटाची मान एका अंगाला कलली. पुसायचा उपाय नाही. मैनाची आई आली आणि हात बघून मटकन खाली बसली. "सासरचे काय म्हणतील? मोडक्या मानेचा पक्षी घेऊन आली?" मैनानं हातावर पदर घेतला आणि आईला उठवून घरी घेऊन गेली. रडली ती ठकाई.

तिनं डबी उचलली आणि बायजाच्या हातात दिली. "घे. गुण यांचाच आहे."

पण पुढच्या बाजाराला बायजानं त्याच सुयांनी मोर काढला, तो कोंबड्यासारखा झाला. त्याच्या पुढच्या बाजाराला कोंबडाही धड झाला नाही. बायजा डबी घेऊन परत आली.

"अक्का, ह्या सुया रुसल्या माझ्यावर."

"मग त्या दिवशीचा मोर?"

"त्या दिवशी काय झालं ते मलाच ठावं न्हाई. तुम्ही हिकडं तापात बडबडत होता, मी तिकडं टोचत होते. माझं लक्षच नव्हतं, सगळं ध्यान तुमच्याकडं लागलेलं."

ठकाईचं शरीर तापात पडलं होतं आणि हात तेवढा बाजाराला गेला होता, असं म्हणतात. म्हातारी माणसं अजून शपथेवर सांगतात. पण मग मैनाच्या हातावर घसरला तो कुणाचा हात? हे विचारलं की म्हातारी माणसं तंबाखू मळायला लागतात.

गाव चक्रावलं. कुणी सुयांच्या बाजूचे झाले, कुणी हाताच्या, आणि पाणवठ्यावर भांडणं होऊ लागली. ठकाईनं डबी कोनाड्यात ठेवली आणि गोंदणंच बंद केलं. जे कशानं होतं तेच कळत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर कसं करायचं, असं ती म्हणायची.

दोन वर्षं गेली. मैनाचं तिला रोज आठवायचं. शेवटी भाकरी बांधून ती निघाली, दोन दिवस चालून मैनाच्या सासरी पोचली. मैना अंगणात कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पोरी, माफी मागायला आले," ठकाई दारातूनच म्हणाली.

"कशाची?" मैनानं तिला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं. मग बाही वर सारून हात पुढं केला. "ह्याची? मावशी, मी आले तेव्हा इथं माझं कुणी नव्हतं. नवरा बैलांवर माल लादून आठ-आठ महिने बाहेर. सासूला ऐकायला येत न्हाई. बोलायचं कुणाशी? एकदा भाकरी थापताना माझी मीच बोलत होते, तर बघितलं, हा मान कलती करून ऐकतोय. सरळ मानेचा असता तर समोर बघत बसला असता. ह्याच्यामुळं राहिले मी हितं. न्हाईतर विहिरीकडंच बघत होते."

आता गावातल्या दुसऱ्या बायकाही यायच्या. मैनाचा हात हातात घ्यायच्या, मनातलं बोलायच्या आणि हलक्या होऊन जायच्या. बोलणं संपलं की पोपट डोळा मिटून उघडायचा, असं म्हणतात.

ठकाईनं पोपट उजेडात धरून बघितला. आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच, हे तिला तिथंच कळलं. आणि तिला पुन्हा काही कळेनासं झालं.

"मैना, हा मला जमला नव्हता गं."

"ठाऊक आहे. मी बघत होते की. घसरला तुमचा हात."

"मग हा काढला कुणी?"

मैनानं ताट पुढं सरकवलं. "मला काय ठाऊक मावशी. तुम्ही भाकर खाऊन घ्या."

तिथल्या बायकांनी तसलाच पोपट मागितला. ठकाईनं मान मुद्दाम कलती काढून बघितली, काट्यांनी आणि सुयांनीही. पोपट झाले, पण त्यातला एकही ऐकेना.

त्यानंतर ठकाई बोरखिंडीत परतली ती निराळीच होऊन. ती पुन्हा गोंदायला लागली, पण हाताशी येईल त्यानं, कधी काटा, कधी सुई. उरलेला वेळ ती गावभर फिरायची. कुंभाराला म्हणायची, "तुझं चाक एक दिवस भावाला दे आणि त्याचं तू घे, बघू काय होतं." न्हाव्यांचे वस्तरे बदलायला लावायची, सुतारांचे रंधे, ढोलकीवाल्यांच्या ढोलक्या. संध्याकाळी येऊन विचारायची, "काय कळलं का?" कुणाचं काम सुधारायचं, कुणाचं बिघडायचं, कुणाचं होतं तसंच राहायचं. ती मान हलवायची आणि पुढच्या दाराला जायची. असंच विचारत विचारत चैत्रातल्या एका सकाळी ती लोहाराच्या भात्यापाशी बसल्या बसल्या गेली.

बोरखिंडीत अजून तो दिवस पाळतात. त्याला ठकाईचा दिवस म्हणतात. त्या दिवशी गावातले सगळे कारागीर आपलं हत्यार शेजारच्या कारागिराला देतात आणि त्याच्या हत्यारानं काम करतात. शिंपी मशीन बदलतात, वाजंत्री सनया बदलतात, गवंडी थापी बदलतात. सगळ्यात महागाचं ज्याच्याकडं असेल त्यानं आधी द्यायचं, अशी रीत आहे. त्या दिवशी काही बिघडलं तर कुणी कुणाला बोलत नाही, आणि फार चांगलं झालं तर कुणी ते आपलं म्हणून सांगत नाही.

दिवस मावळायच्या आत हत्यारं परत करायची. ज्याचं हत्यार तो विचारतो, "काय कळलं का?"

वापरणारा म्हणतो, "न्हाई बाबा."

मग दोघं मिळून चहा घेतात.